सुगम्यता तपासा, पण ग्राहकांची माहिती उघडी टाकून नको

महोदय,

डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी स्पष्ट केले. त्यानंतर 31 जुलैला शेअर बाजाराची नियामक असलेल्या ‘सेबी’ने आपल्या अखत्यारीतील संस्थांना सुगम्यता-लेखापरीक्षण (डिजिटल सेवा अपंग व्यक्तींना वापरता येते का याची तपासणी) सक्तीचे केले. अंध आणि अल्पदृष्टी ग्राहकांसाठी हे फार आधीच व्हायला हवे होते. आता या तपासणीची कंत्राटे धडाक्यात निघत आहेत, पण तपासणी ज्या साधनांनी होते त्यांच्याकडे संस्थांचे फारसे लक्ष दिसत नाही.

पहिली फेरी बहुधा ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, टाकून होते. चित्राला पर्यायी मजकूर आहे का, रकान्याला लेबल आहे का, अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान 4.5:1 इतका उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) आहे का, हे ते पानाची रचना वाचून सांगते आणि काही वेळा दोषाच्या जागी खुणा उमटवते. त्यामुळे पान ‘वाचणे व बदलणे’ ही परवानगी लागणारच, त्यात काळेबेरे नाही. पाहायचे ते एवढेच, की ती किती संकेतस्थळांवर आणि किती वेळ मिळते.

‘अ‍ॅक्टिव्हटॅब’ ही परवानगी बटण दाबल्यावर समोरच्या टॅबपुरती मिळते आणि त्या टॅबमध्ये दुसरे संकेतस्थळ उघडले की संपते. ‘सर्व संकेतस्थळे’ असेल, तर त्याच ब्राउझरमधली ईमेल आणि नेटबँकिंगही एक्स्टेन्शनला दिसते. मोठी परवानगी मागण्यामागे दर वेळी आळस असतो असे नाही. पेमेंट गेटवे किंवा कॅप्चा वेगळ्या डोमेनवरच्या आयफ्रेममध्ये, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या संकेतस्थळाच्या चौकटीत, असतो, तिथवर छोटी परवानगी पोहोचत नाही. मायक्रोसॉफ्टचे ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी इनसाइट्स’ अशा पानावर जादा परवानगी वेगळी मागते, आणि हीच रीत बरी.

खरी गोम अपडेटमध्ये आहे. एक्स्टेन्शन आपोआप बदलते आणि नवी परवानगी लागत नसेल तर ब्राउझर काहीही विचारत नाही. डिसेंबर 2024 मध्ये सायबरहेवन या कंपनीच्या एक्स्टेन्शनची घातक आवृत्ती अशीच वापरकर्त्यांपर्यंत गेली. कर्मचारी फिशिंगला फसला आणि हल्लेखोरांनी ती अधिकृत स्टोअरमधूनच पाठवली. ही कंपनी डेटागळती रोखण्याचेच काम करते!

म्हणून तपासणीसाठी क्रोममध्ये वेगळे प्रोफाइल उघडावे आणि त्यात वैयक्तिक लॉगिन करू नये. एक्स्टेन्शनच्या ‘तपशील’ पानावर साइट अ‍ॅक्सेस ‘क्लिक केल्यावर’ असा ठेवावा. ‘इन्कॉग्निटोमध्ये अनुमती’ बंदच असू द्यावी. खाते चाचणीचे, सर्व्हर शक्यतो स्टेजिंगचा, म्हणजे खऱ्या सेवेपासून वेगळा ठेवलेला. एक्स्टेन्शन बाहेर काय पाठवते हे पाहताना पानाची ये-जा दाखवणाऱ्या ब्राउझरच्या नेटवर्क पॅनेलवर थांबू नये. सर्व्हिस वर्करच्या, म्हणजे एक्स्टेन्शनच्या पार्श्वभूमीत चालणाऱ्या भागाच्या, विनंत्या तिथे दिसतच नाहीत. डेव्हलपर मोड सुरू करून त्या सर्व्हिस वर्करचे इन्स्पेक्ट पान वेगळे उघडावे लागते. क्रोममधले ‘लाइटहाउस’ हे तपासणी-साधन तर एक्स्टेन्शनशिवायच चालते. ‘वेव्ह’ या दुसऱ्या साधनाचे एक्स्टेन्शन तपासणी ब्राउझरमध्येच करते, पण त्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला तर ते पान वेव्हचा सर्व्हर उघडतो. दोन्हींतला हा फरक अहवालात नोंदवलेला असावा.

साधन प्रामाणिक असले तरी त्याचा अहवाल माहिती फोडू शकतो. सदोष घटकाचा एचटीएमएल तुकडा त्यात जसाच्या तसा येतो, म्हणजे रकान्यात आधीच भरून आलेला पॅन क्रमांकही. पानाच्या पत्त्यात सत्राचा टोकन (लॉगिनची ओळख पटवणारा संकेत) असेल तर तोही येतो, आणि मग ती फाइल ईमेलवरून चार कंत्राटदारांकडे फिरते. वैयक्तिक डेटाच्या सुरक्षेत कसूर झाल्यास 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो कंत्राटदाराला नव्हे, डेटा ज्याच्या ताब्यात त्या संस्थेला बसेल.

तेव्हा निविदेतच लिहावे: वापरायच्या एक्स्टेन्शनची नावे, आवृत्त्या व परवानग्या आधी कळवाव्यात, खऱ्या ग्राहकाच्या खात्यावर तपासणी करू नये, अहवालातील वैयक्तिक मजकूर खोडून द्यावा. संस्थेच्या आयटी विभागाने संगणकांवर मंजूर यादीतलीच एक्स्टेन्शन्स चालू द्यावीत आणि प्रशासकीय धोरणातून ग्राहक वापरतात ते नेटबँकिंगचे खरे डोमेन त्यांना बंद करावे. क्रोममध्ये ही सोय आहे. या अटींनी तपासणी लांबेल, ही सबब मान्य करू नये. वेळ खाणारा भाग स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या माणसाकडून करायच्या चाचणीचा असतो, आणि ‘एनव्हीडीए’ या स्क्रीन रीडरने ती करायला कोणतेही एक्स्टेन्शन लागत नाही.

– सुगम्यता तपासणी क्षेत्रातील वाचक, पुणे