भोपळ्याचं बी मागणाऱ्या नंदाला

बॉस्टनजवळ,
ऑक्टोबरचा दुसरा आठवडा

प्रिय नंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. माईंचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जिवात जीव आला. बाकी पत्रात तू जे हुकूम सोडलेस, त्यातला पहिलाच मी मोडणार आहे. "तुझ्या बागेतल्या सगळ्या भोपळ्यांचं थोडं थोडं बी पाकिटात घालून पाठव, मळ्यात लावते." नाही पाठवणार. रुसू नकोस, आधी पूर्ण वाच.

भारतात बाहेरचं बी आणायचं तर २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो आणि इथल्या कृषी खात्याचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. मूठभर बियांनाही. उगाच काढलेला नियम नाही तो, भोपळ्याच्या बियांतून विषाणूसुद्धा प्रवास करतात. पण समजा नियम नसता, तरी मी पाठवलं नसतं. मिरजेत बसून तू इथलं बी मागतेस याचंच मला हसू येतं. का ते सांगते, पण सांगायला बराच कागद लागेल.

फोटोत तुला जो ढीग दिसला त्यातला निळसर, खडबडीत, दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला तो निळा हबर्ड. हबर्ड घराणं आमच्या भागातलंच. इथून तासाभरावर समुद्रकाठी मार्बलहेड गाव आहे. १८४०च्या दशकात तिथल्या एलिझाबेथ हबर्ड नावाच्या बाईंनी शेजारच्या ग्रेगरींच्या घरी या घराण्याचं बी दिलं. त्या घरच्या जेम्स ग्रेगरींनी पुढे त्याचा एवढा प्रसार केला की त्यांचा बियाण्यांचा धंदाच उभा राहिला, आणि भोपळ्याला नाव त्या बाईंचं लागलं. साल एवढी टणक की सुरी टेकत नाही. लोक तो पिशवीत घालून सरळ फरशीवर आपटतात! आमची आजी आठवते ना? अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव बाईनं घालायचा नाही म्हणून आजोबांची वाट बघत विळी मांडून बसायची. तिला हे आपटणं दाखवायला हवं होतं.

हबर्डशेजारी जे लांब मानेचे, बदामी रंगाचे आहेत ते बटरनट. हेही इथलेच. जवळच्या स्टो गावातल्या चार्ल्स लेगेट यांनी १९४०च्या दशकात ते तयार केले आणि वॉल्थॅमच्या कृषी संशोधन केंद्रावर दाखवायला नेले. त्यांतून पुढे निवडून काढलेला वॉल्थॅम बटरनट १९७०मध्ये बक्षीस मिळवून गेला आणि आज जगभर विकला जातो. लेगेट हे काही शास्त्रज्ञ नव्हते, हौशी माणूस. मला हे फार आवडतं.

आता मुद्द्यावर येते. भोपळा हातात घेतला की रंग बघू नकोस, आकारही बघू नकोस. देठ बघ. हबर्डचा देठ गोल, जाड, वाळल्यावर बुचासारखा भुसभुशीत. ती जात कुकुर्बिटा मॅक्झिमा. झुकिनीचा, एकॉर्न नावाच्या छोट्या भोपळ्याचा आणि इथे हॅलोविनला कोरतात त्या केशरी भोपळ्याचा देठ कडक, कोनदार, खोल खाचांचा. ती कुकुर्बिटा पेपो. आणि बटरनटचा देठ कडक, पाचकोनी, पण फळाला जिथे चिकटतो तिथे ऐसपैस फाकलेला. ती कुकुर्बिटा मोशाटा. आता स्वयंपाकघरात जा आणि तुझ्या टोपलीतल्या गंगाफळाचा देठ बघ. फाकलेला आहे ना? आपला लाल भोपळा मोशाटाच. बटरनट त्याचा सख्खा भाऊ, आणि फ्रान्समधला तो खोल फोडींचा, हिरव्याचा तपकिरी होत जाणारा प्रोव्हान्सचा भोपळा तर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा लक्ष्मी मार्केटमधून उचलून आणल्यासारखाच वाटला.

हे सगळं कूळ मूळचं अमेरिका खंडातलं. मेक्सिकोत वाहाकाकडच्या एका गुहेत पेपोचं जे बी सापडलंय, ते सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे मका पिकवायला लागायच्याही आधीचं. आपल्याकडे भोपळा आला तो कोलंबसानंतर, युरोपी जहाजांतून. (बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, साबुदाण्याचा कंद आणि लाल भोपळा. आषाढीचं उपवासाचं ताट जवळजवळ सगळं इथूनच गेलंय बघ. माईंना सांगू नकोस.)

जात ओळखण्याचं एवढं महत्त्व का, तर संकर. मधमाशी आळं बघत नाही, शेजारच्याचा वाफाही बघत नाही. एकाच जातीतले दोन वाण जवळ लावले की त्यांचं परागीभवन होतंच. या वर्षीच्या फळात काही फरक दिसत नाही, ते आईवरच जातं. पण त्यातलं बी पुढच्या वर्षी लावलंस की भलतंच काहीतरी वेलावर लटकतं. वेगवेगळ्या जातींत मात्र हे सहसा होत नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या वनस्पती उद्यानात नोदँ नावाच्या शास्त्रज्ञाने शेकडो वेल लावून, हाताने संकर करून हेच तपासलं आणि या जाती एकमेकींपासून वेगळ्या काढल्या. तेव्हा एका मळ्यात तीन जातींचा एकेक वाण निर्धास्त लावता येतो. चौथा आला की भानगड सुरू. ज्याला भोपळे जमवायचा नाद आहे त्याच्या हावरेपणाला एवढा एकच लगाम आहे, आणि मला तो रुचतो. बाजारातून चाळीस रंगीत भोपळे आणून कट्ट्यावर मांडणं म्हणजे संग्रह नव्हे. बी शुद्ध राखलं तरच तो वाण तुझ्याकडे आहे म्हणायचं.

माझा वाफा सार्वजनिक बागेत. चहूबाजूंना लोकांच्या झुकिन्या. म्हणून मी फुलं बांधते. संध्याकाळी वेलावरून हात फिरवलास की उद्या उमलणाऱ्या कळ्या कळतात, टोकाला पिवळा रंग चढलेला असतो. मादी कळीच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो, नराचा नुसता लांब दांडा. दोन्ही कळ्या लोकरीने हलक्या बांधायच्या. पहाटे उठून नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या, मादी कळी सोडून तिच्या मधल्या भागावर केसर फिरवायचं, आणि पुन्हा बांधायची. शक्यतो नर दुसऱ्या वेलावरचा घ्यावा, दोन-तीन घेतले तर उत्तम. उन्हं वर आली की फूल मिटतं, मग काही उपयोग नाही. फळाच्या देठाला रंगीत दोरा बांधून ठेव, नाहीतर नक्की कुठलं फळ बियाण्याचं हे सप्टेंबरात शोधत बसशील. उरलेल्या नर फुलांची भजी. आधीचे काही दिवस नुसते नरच फुलतात, तेव्हा "वेल वांझ निघाला" म्हणून उपटू नकोस.

इथली कीडही सांगते, म्हणजे आपल्या जातीचं मोल कळेल. जूनच्या शेवटी एक पाखरू येतं, पोट नारिंगी, उडणं गांधीलमाशीचं, तेही भर दिवसा. वेलाच्या बुडाशी अंडी घालतं, अळी खोडात शिरते, भोकातून भुसा बाहेर पडत राहतो. सकाळी टवटवीत दिसलेला वेल दुपारी माना टाकतो. हबर्ड तर किडींचा इतका लाडका की इथले काही शेतकरी तो मुद्दाम शेताच्या कडेने लावतात: किडी त्याच्यावर तुटून पडतात आणि आतलं पीक वाचतं. मोशाटाचं खोड भरीव, टणक. अळीला तिथे थारा कमी. इथल्या बागेत उन्हाळा संपता संपता जे वेल हिरवे असतात ते बहुतेक तुझ्या गंगाफळाच्या नात्यातले. टिकण्यातही तेच पुढे. एकॉर्न दिवाळीपर्यंत संपवावे लागतात, बटरनट होळीपर्यंत कोरड्या खोलीत सुखाने बसतात आणि बसल्या जागी गोड होतात, कारण गरातल्या पिठाची साखर होत असते.

तर तुला काय करायचंय? बाजारात गाड्यावर एकसारख्या आकाराचे भोपळे रचलेले असतात ते सोड. ते बहुधा संकरित, त्यांच्या बियांतून दर वेलाला वेगळं रूप निघतं. आठवड्याच्या बाजारात घरचं चार-दोन फळं घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या असतात, त्यांच्याकडे बस. कुठल्या गावचा, बी कोणी दिलं, माळ्यावर किती दिवस टिकतो, शिजल्यावर पाणी सुटतं की पिठूळ राहतो, हे विचार आणि लिहून ठेव. मराठवाड्यातलं गंगाफळ, विदर्भातलं काशीफळ, कोकणात कौलांवर चढवतात तो, सीमेपलीकडचे कानडी मुलखातले. सगळे मोशाटा, पण साल, फोडी, गराचा रंग, मान, काही म्हणून एक नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम वाल-घेवड्यापासून कितीतरी पिकांत केलं, २०२०मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विदर्भातल्या अकोला शहरात राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं केंद्रही आहे. तिथे एक पत्र टाकून बघ.

विविधता हवीच असेल तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का सूर्यमुखी आण. किलोभर वजनाचा, केशरी, त्यावर सायीच्या रंगाचे पट्टे. तो मॅक्झिमा आहे आणि फळमाशीला दाद देत नाही. पेपो हवी तर झुकिनीचं बी आता तुमच्याकडेही मिळतं. गंगाफळ, सूर्यमुखी आणि झुकिनी एका बांधावर लाव. तिन्हींचं बी तुझंच राहील, फक्त शेजारच्या शेतात दुसरा भोपळा नको, असला तर कळ्या बांध.

आता तुझा दुसरा बेत, तंबोऱ्याच्या भोपळ्याचा. याला मात्र मी घाबरले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं मलाही कौतुक आहे, आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे ते अजस्र भोपळे तू स्वतः पिकवावेस असं तुला वाटणं साहजिक आहे. पण ते लाल भोपळ्याच्या जवळच्या नात्यातले नाहीत. ते आणि आपला दुधी एकच जात, मूळ आफ्रिकेतली. आणि ते कडू असतात, त्यांच्या टिकण्यात त्या कडूपणाचाही वाटा आहे. त्यांच्या शेजारी दुधी लावून त्याचं बी धरलंस तर पुढच्या वर्षीचा दुधी कडू निघू शकतो. त्या कडूपणात विष असतं आणि ते शिजवूनही जात नाही. २०१०मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला, तेव्हा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यावर तज्ज्ञांची समिती नेमली होती. म्हणून तंबोऱ्याचा भोपळा लावणार असशील तर त्या वर्षी दुधीचं बी विकत आण, घरचं धरू नकोस. आणि दुधी चिरला की कच्ची चकती जिभेला लावून बघायची, माई करतात तसं. कडू लागला तर थुंकून टाक आणि अख्खा दुधी उकिरड्यावर. त्याची फुलं पांढरी, ती संध्याकाळी उमलतात, तेव्हा कळ्या दुपारीच बांधाव्या लागतील.

मोठ्या भोपळ्यांचं तू विचारलंस ते राहिलंच. इथे टॉप्सफील्डच्या जत्रेत वजनाची स्पर्धा असते. २०१२मध्ये तिथे एक भोपळा २,००९ पौंड भरला, म्हणजे ९११ किलो. दोन हजारांपलीकडे गेलेला जगातला पहिला. बघायला गर्दी लोटते, आम्हीही जातो. पण तो क्रेनने उचलायचा, पाणचट, आपल्याच वजनाने बसकण मारलेला. आपल्याला काय त्याचं! मी तिथे जाऊन जिलेबीच्या चुलत बहिणीसारखं काहीतरी तळलेलं मिळतं ते खाते आणि परत येते.

मी फेब्रुवारीत येते आहे. म्हणजे उन्हाळी लावणीच्या वेळेलाच. तोवर तू जमवलेलं बी राखेत घालून, वाणाचं नाव आणि गाव चिठ्ठीवर लिहून ठेव. आळी आपण दोघी मिळून करू. शेणखताची सोय मात्र आत्तापासून कर, आयत्या वेळी वाळू मिसळलेलं मिळतं.

माईंना नमस्कार, बाळूला आशीर्वाद.

तुझी,
विजू

ता. क. : घारगे बिघडतात म्हणतेस. गंगाफळाला मुळात पाणी फार. कीस गुळात शिजवताना वरून थेंबही घालू नकोस, गार होऊ दे, आणि त्यात मावेल तेवढीच कणीक घाल, वरून चमचाभर तांदळाची पिठी. आणि मला भोपळ्यांचे फोटो पाठवशील ते वरून काढू नकोस, आडवे धरून देठाच्या बाजूने काढ.