डोसामागचे गणित

महोदय,

औषधाचा डोस केवळ वजनावर ठरतो, हा समज अपुरा आहे. औषध रक्तात किती उतरते आणि यकृत-मूत्रपिंडे त्याचा निचरा किती वेगाने करतात, याची समीकरणे स्वीडनच्या टॉर्स्टन टिओरेल यांनी १९३७ मध्येच मांडली होती. फिट्सवरील फेनिटॉइनचे उदाहरण बोलके आहे : त्याचे विघटन करणारी विकरे (एन्झाइम्स) एका मर्यादेनंतर अपुरी पडत असल्याने डोस थोडासाच वाढवला तरी रक्तातील पातळी अवाच्या सवा चढते, रुग्णाचा तोल जातो, बुबुळे थरथरू लागतात. अशा समीकरणांतून डोस ठरवणारी सुरुवातीची प्रारूपे (मॉडेल्स) बहुधा निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तनमुन्यांवर बेतली जातात, हे मात्र खटकते. गोळ्या अधिक लागतात त्या वृद्धांनाच, आणि त्यांची मूत्रपिंडे मंदावलेली असतात. त्यांचे नमुने प्रारूपात आरंभापासूनच यावेत.

– एक वाचक