मीनलला, डोळ्यांखालच्या फिलरविषयी

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

डोळ्यांखालचे खळगे जेलच्या इंजेक्शनने भरून घेण्याच्या, म्हणजे तुझ्या त्या फिलरच्या बेतावरून रविवारी फोनवर आपले बोलणे ज्या सुरात संपले, त्यानंतर पत्र लिहिणेच बरे असे मला वाटले. कारण फोनवर माझे वाक्य पुरे होण्याआधी तू उत्तर देतेस आणि तुझे उत्तर संपण्याआधी माझा आवाज चढतो. तू पाठवलेला फोटो मी पुन्हा उघडून पाहिला. दोन्ही डोळ्यांखाली पांढऱ्या पेन्सिलीने आखलेली अर्धवर्तुळे, त्यांच्या आत सुई कोठे टोचायची हे दाखवणारे ठिपके, आणि तू मजेत हसते आहेस. माझे लक्ष तुझ्या हसण्याकडे गेलेच नाही, ते त्या ठिपक्यांवर खिळून राहिले.

“तू साठीपर्यंत केस रंगवलेस ते चालले, मग माझेच का चालत नाही?” हा तुझा प्रश्न बिनतोड आहे. मी केस कोणासाठी रंगवत होते हे मला आजही नीट सांगता येणार नाही. स्वतःसाठी, असे तेव्हा सांगत असे. त्यामुळे वय लपवू नये, सुरकुत्या मिरवाव्यात वगैरे उपदेश माझ्या तोंडी शोभणार नाही आणि तो मी करणारही नाही.

कपाळावरच्या आठ्यांसाठी घ्यायच्या बोटॉक्सच्या इंजेक्शनची मला फारशी धास्ती नाही. ते मुळात डोळ्यांचे औषध म्हणून आले, हे नंदूच्या तिरळेपणाच्या वेळी आपण ऐकलेच होते. अमेरिकेत त्याला तिरळेपणा आणि पापण्यांचे झटके यांसाठी १९८९ मध्ये मान्यता मिळाली. कॅनडातल्या जीन कॅरदर्स या नेत्रतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आले की, पापण्यांसाठी हे इंजेक्शन घेणाऱ्यांच्या भुवयांमधल्या आठ्याही पुसट होतात. त्यांचे पती त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि आठ्यांसाठीची मान्यता २००२ मध्ये आली. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवते आणि साधारण तीन-चार महिन्यांनी परिणाम ओसरतो. पापणी थोडी उतरली, तरी तीही काही आठवड्यांत पूर्ववत होते. माझी तक्रार असलीच तर स्वार्थी आहे. तू लहान असताना ताप लपवायचीस, तो मला तुझ्या कपाळावरून कळायचा. आजही व्हिडिओ कॉलवर तू “सगळे ठीक आहे” म्हणतेस, तेव्हा मी तुझ्या आवाजापेक्षा तुझ्या भुवयांवर अधिक विश्वास ठेवते. तीन-चार महिने तेवढी सोय जाईल. चालेल.

डोळ्यांखालच्या फिलरचे मात्र तसे नाही. त्याविषयी पुन्हा बोलायचे नाही असे ठरवूनच मी लिहायला बसले होते, पण बाबांच्या डोळ्याचे जे झाले त्यानंतर या घरात डोळ्याचा विषय कोणाला हलक्याने घेता येत नाही. हायल्युरॉनिक आम्लाचे ते जेल चुकून रक्तवाहिनीत गेले, तर पुढचा रक्तपुरवठा अडतो, आणि नाकाच्या कडेने व डोळ्यांभोवती जाणाऱ्या वाहिन्यांचे धागे थेट डोळ्याच्या रोहिणीशी जोडलेले आहेत. असे क्वचित होते, हे तू म्हणालीस आणि ते खरेही आहे. पण गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. तेव्हा सुई कोणाच्या हातात आहे, त्या व्यक्तीचे वैद्यकीय शिक्षण काय आहे आणि ते जेल विरघळवणारे हायल्युरोनिडेज त्याच खोलीत ठेवलेले आहे का, हे तू विचारलेस का? सुईऐवजी बोथट टोकाची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, वापरली की धोका कमी होतो, पण संपत नाही. कॅल्शियमचे फिलर असेल, तर ते हायल्युरोनिडेजने विरघळत नाही, म्हणून फिलरचे नावही विचार. टोचताना एकदम तीव्र कळ आली, कातडी पांढरी किंवा जाळीदार निळसर पडली किंवा नजर अंधुक झाली, तर संकोच न करता तिथल्या तिथे सांग.

पाहा, व्याख्यान सुरू झालेच. त्यातच उन्हाचेही सांगून टाकते: रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतले कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारे प्रथिन, सुमारे ३० टक्क्यांनी घटते असे म्हणतात, आणि उरलेले ऊन खाते, म्हणून बाकी काही कर वा करू नकोस, सनस्क्रीन रोज लाव. लेझरची घाई करू नकोस. आपल्या सावळ्या कातडीवर त्याचे डाग मागे राहू शकतात. हे सगळे तुला माझ्याआधी ठाऊक असणार. रागावू नकोस.

मला खटकले ते निराळेच. त्या बैठकीनंतर कोणीतरी “दमलेली दिसतेस” म्हणाले आणि आठवड्याच्या आत तू वेळ ठरवलीस. डोळ्यांखालचा तो खळगा दमणुकीचा नाही, तो माईआजीचा आहे. तिच्या तिशीतल्या फोटोतही तो दिसतो, आणि ती दमलेली आहे असे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. बाबांच्या वेळी तू रात्र-रात्र जागलीस आणि सकाळी कामावर गेलीस, तेव्हा तो खोल झाला असेल, एवढेच. तुझा तो चेहरा मी लोकांना अभिमानाने दाखवला आहे, हे तुला कधी सांगितले नव्हते. तरीही आरशात रोज तो तुला पाहायचा आहे, मला नाही. तुला स्वतःला तो खळगा नको असेल, तर भरून घे. त्या माणसाच्या एका शेऱ्यासाठी मात्र डोळ्याजवळ सुई नेऊ नकोस. महिनाभर थांबून पुन्हा आरशात पाहिलेस, तर नेमके कशासाठी करते आहेस हे तुझे तुलाच कळेल. मग जे ठरवशील त्यावर मी वाद घालणार नाही, निदान तसा प्रयत्न करीन.

साक्षीला आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. — साक्षीच्या पदवीदान समारंभाच्या आदल्या आठवड्यात काही करून घेऊ नकोस. सूज आणि काळेनिळे डाग उतरायला दोन आठवडे तरी हाताशी असू देत. गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या घेतेस, तेही डॉक्टरांना सांग, त्यांनी काळेनिळे डाग अधिक पडतात. आणि जेल विरघळवणाऱ्या त्या औषधाचे नाव हायल्युरोनिडेज. कागदावर लिहून ने.