ताई, लायब्ररी थांबली, तुमचे तक्ते टिकले

ताई, सप्रेम नमस्कार.

जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षर-संकेतांत) आणणारी आमची लायब्ररी, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला कुणालाही वापरता येणारा तयार कोड, आम्ही अखेर निवृत्त केली. ती सांभाळणारे आम्ही सगळे बरेच महिने एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. तुमच्यामुळे कोंडी फुटली, म्हणून हे जाहीर आभार.

कोड पायथन २ च्या काळातला. त्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तेव्हापासून आमची ठिगळं लावणं चालू होतं. ‘कुणाला तरी देऊन टाका’ हा सल्ला सगळ्यात जास्त मिळाला आणि मला धास्ती त्याचीच होती. २०१८ साली इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या अशाच एका लायब्ररीच्या मूळ लेखकाने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे हक्क सोपवले, पुढे त्यातून बिटकॉइन चोरणारा कोड पसरला. बरं, सरळ काढून टाकावी, तर २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि त्यावर अवलंबून असलेली कामं जगभर अडली.

डाउनलोडचे आकडे बघून आम्ही हुरळायचो. तुम्ही विचारलंत, “यात माणसं किती?” खरं होतं. बरीचशी डाउनलोड आपोआप चालणाऱ्या यंत्रांची असतात. मग तुम्हीच गिरगाव, दादर, परळच्या ओळखीच्या डीटीपीवाल्यांना फोन लावलेत. उत्तर निघालं ते असं: नवं काम सगळे युनिकोडमध्येच करतात, पण जुन्या पुस्तकांच्या, दिवाळी अंकांच्या फायली कपाटात सीडीवर पडून आहेत. त्या एकदाच बदलायच्या. म्हणजे त्यांना नव्या सोयी नकोतच. आहे ते जागेवर सापडलं की झालं.

आणि मग तुमचा तो प्रश्न, “कोड जाऊ दे रे, तक्त्यांचं काय?” जुन्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपल्या अक्षरांचे तुकडे बसवले होते, बहुतेकांची मांडणी निराळी. कोणत्या जागेवरचा तुकडा युनिकोडमध्ये कोणतं अक्षर, याच्या याद्या म्हणजे हे तक्ते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक तर आमच्या प्रोग्रॅमला कित्येक वर्षं कळतच नव्हता. तुम्ही प्रिंटवर लाल पेनाने खुणा करून पाठवायचात, तेव्हा कुठे तक्ता सुधारायचा. (मंत्र्यांच्या भाषणात ‘वाऱ्या’चा ‘वार्या’ झालेला तुम्हीच पकडलात.) लायब्ररीत टिकण्याजोगं काही असेल तर ते हेच, आणि त्यातलं निम्मं तुमचं.

तारीख-वेळ हाताळणाऱ्या मोमेंट.जेएस या लायब्ररीच्या मंडळींनी २०२० मध्ये जसं केलं तसंच थोडंफार आम्ही केलं. नव्या सुविधा बंद, तसं पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहिलं, रिपॉझिटरी (कोडचा ऑनलाइन साठा) फक्त वाचण्यापुरती ठेवली. शेवटची आवृत्ती हलवलेली नाही, इन्स्टॉल आजही होते. तक्ते मात्र वेगळे काढून साध्या सीएसव्ही फायलींत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या मजकुरात) ठेवलेत, सोबत तुम्ही खूण केलेले शब्द चाचणीसाठी. उद्या कुणी दुसऱ्या भाषेत नवा प्रोग्रॅम लिहिला तरी त्याला आमचा कोड उघडावा लागणार नाही.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून इथे नाही. परळच्या त्या प्रेसमधल्या सीडी अजून वाचल्या जात असतील तर एका शनिवारी मी ड्राइव्ह घेऊन येतो. वेळ तुम्ही कळवा.

तुमचा,
लायब्ररीवाला