सैल जोड आणि स्मृतिधातूचे वॉशर

महोदय,

आग लागली की बातमीत 'शॉर्टसर्किट' एवढाच शब्द येतो. वीज उपकेंद्रात आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो, पुष्कळदा मूळ असते ते सैल पडलेल्या नट-बोल्टच्या जोडात. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दिवसा भार, रात्री थंडावा, असे चालू राहिले की पोलादी बोल्टखाली ॲल्युमिनियमचा लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेला जोडतुकडा, दबत जातो आणि पकड ढिली होते. मग जोडाचा रोध वाढतो, उष्णता वाढते, इन्सुलेशन काळे पडते. मे महिन्यात असे कितीतरी लग मी कापून काढले आहेत.

यावर निकेल-टायटॅनियमच्या 'निटिनॉल'सारख्या स्मृतिधातूचे, म्हणजे तापल्यावर मूळ आकारात परतणाऱ्या धातूचे, वॉशर हा उपाय मला फार मोलाचा वाटतो. हा धातू 1960च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत पुढे आला. थंडपणी चपटा केलेला वॉशर ठरावीक तापमानापलीकडे तापला की मूळचा फुगीर आकार घेऊ पाहतो आणि बोल्टचा ताण वाढवतो. म्हणजे जोड तापला की पकड आपोआप आवळते! मात्र हे तापमान नेहमीच्या भारातील तापमानाच्या वर ठेवायला हवे, आणि मोजक्या जोराने बोल्ट आवळणाऱ्या टॉर्क पान्याला व तापलेले जोड दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याला त्यामुळे सुट्टी मिळत नाही.

हे वॉशर महाग आहेत. म्हणून निदान रुग्णालयांच्या मुख्य पॅनेलवर तरी वीज कंपन्यांनी ते लावून पाहावेत आणि बेंगळुरूच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेकडून त्यांची चाचणी करून घ्यावी.

— एक निवृत्त वीजतंत्रज्ञ, मिरज