फौजदार वाचणाऱ्या ताईंना

ताई, हे मी फोनवरही सांगितलं असतं पण फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, "अगं त्यात काय एवढं" म्हणून लगेच विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. बडोद्यात दांडिया बाजारात आपल्या नाट्यवाचनाला जे येतात त्यांना कळेलच.

'एकच प्याला', दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या घराचं ते नाटक, मी लहानपणापासून ऐकत आलेय. बडोद्याच्या मराठी घरांमध्ये ते नाटक म्हणजे घरचंच कार्य, कारण ते लिहिणारे राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि महिनाही उलटला नव्हता तेव्हा, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग केला तो आपल्या बडोद्यात. सिंधू, म्हणजे दारुड्या सुधाकरची सोशिक बायको, स्वतः बालगंधर्व. आमच्याकडचे सगळे आजोबा हे अभिमानाने सांगतात आणि तिथून गाण्यांवर जातात. सिंधूवर कोणी थांबत नाही. आर्य मदिरा मंडळाच्या, म्हणजे त्यातल्या दारुड्यांच्या मंडळाच्या, सीनला पोट धरून हसायचं, पदांना वन्समोअर द्यायचा, शेवटी डोळे पुसायचे आणि घरी जाऊन जेवायचं. मला ते कधीच जमलं नाही, कारण आमच्या घरी सुधाकर होता.

गुजरात वेगळं राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी. पुण्यामुंबईचे नातेवाईक म्हणायचे, बरंय बाई तुमच्याकडे, बायका सुखी असतील. अहो, मिळायची तशी मिळायचीच, फक्त बाबांचं पिणं हा आता गुन्हासुद्धा होता, त्यामुळे मार खाणं आणि लपवणं दोन्ही आईच्याच वाट्याला आलं. रिकामी बाटली टाकायची कुठे, हा आमच्या घरातला केवढा मोठा प्रश्न होता ते कोणाला सांगून पटणार नाही. आई गरम पाण्यात भिजवून लेबल खरवडून काढायची, बाटली जुन्या पेपरात गुंडाळायची, भाजीच्या पिशवीत तळाशी ठेवून वर मेथीची जुडी, आणि मग आपल्या गल्लीपासून लांब कुठल्यातरी उकिरड्यावर. मला बरोबर न्यायची, कारण शाळेच्या ड्रेसमधली पोरगी सोबत असली की कोणी पिशवीकडे बघत नाही.

आणि कोणाला माहीतच नव्हतं असं अजिबात नाही. सगळ्यांना माहीत होतं. नातेवाईक येऊन जेवून जायचे आणि निघताना आईला दारात सांगायचे, घरातलं घरात ठेव, पोरीचं लग्न व्हायचंय. आईचा हात मोडला तेव्हा ज्या दवाखान्यात गेलो तिथल्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, बाथरूममध्ये पडल्या. आई तसंच म्हणाली होती हे खरं, पण तिच्या गालावर चार बोटं उमटलेली होती आणि त्यांनी मान वर करून एकदा बघितलं असतं तर दिसली असती. माझा अजून राग जात नाही. पुढे कॉलेजात मला सिंधू करायची होती तेव्हा बसवणारे सर म्हणाले, सोशिकपणाची मूर्ती वाटली पाहिजेस, चेहऱ्यावर सात्त्विक भाव ठेव, लोक रडले पाहिजेत. मी दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. आमच्या आईला बाटल्या खरवडताना मी बघितलंय, तिच्या चेहऱ्यावर सात्त्विक वगैरे काही नसायचं, ती घाबरलेली असायची आणि दमलेली असायची.

तुमचं वेगळं आहे हे मला 'वाडा चिरेबंदी' वाचलं तेव्हाच जाणवलं होतं. एलकुंचवारांचं नाटक, म्हणून चर्चा लगेच सरंजामशाही, वाड्यांचा ऱ्हास, अंगणात गंजत पडलेला तो ट्रॅक्टर कशाचं प्रतीक, अशी सुरू झाली. सगळं बरोबरच होतं. तुम्ही मात्र मधेच म्हणालात, त्या प्रभाला शिकायचं होतं, तिला शिकू दिलं नाही, आणि तात्याजींच्या तेराव्याच्या खर्चावरून अख्खं घर भांडतंय पण तिच्याबद्दल कोणी एक शब्द काढत नाही, ते बघा ना आधी. त्यावर दोन मिनिटं कोणी काही बोललंच नाही.

आता तो दिवस. 'एकच प्याला'चं वाचन, शेवटचा अंक होता. सुधाकरच्या हातून पोर गेलेलं, सिंधू स्वतः शेवटच्या घटका मोजतेय, फौजदार जबानी घ्यायला आलाय, आणि ती त्याला सांगते की नवऱ्याने काही केलं नाही, मीच पडले. फौजदार वाचणारे काका आले नव्हते म्हणून ते तुम्ही घेतलंत. तुमच्या हातात नेहमीची वही होती, पेन होतं, कोणाचा उच्चार चुकला की टिपून ठेवायला. मी ते वाक्य म्हटलं. आमच्या घरात ते मी इतक्या वेळा ऐकलंय की गडकऱ्यांच्या भाषेतही ते मला आईच्याच आवाजात ऐकू आलं. पुढचं वाक्य तुमचं होतं. तुम्ही ते म्हटलंच नाही. पेनाला टोपण लावलंत, पेन वहीवर आडवं ठेवलंत, माझ्याकडे बघितलंत आणि अगदी साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणालात, "हे मला नाही लिहून घेता येत."

बाकीच्यांना वाटलं तुमची स्क्रिप्टमधली जागा हरवली. मला विचारलं काहीच नाहीत, नंतर बाजूला घेऊन पाठीवरून हात फिरवणं, काय झालं बाळा, तसलं काही नाही. चहा आला, लोक पदांबद्दल बोलायला लागले, तुम्ही मला फक्त बिस्किटाची बशी पुढे केलीत. एवढंच. पण ताई, आमच्या घरातलं ते खोटं ऐकून हातातलं पेन खाली ठेवणारं माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं, आणि ते सुद्धा एका नाटकाच्या वाचनात.

असंच एक माणूस आईलाही भेटलं होतं, ते तेव्हापासून सारखं आठवतंय. शेजारच्या मासी. आमच्याकडे आवाज वाढला की त्या वाटी घेऊन बेल वाजवायच्या, "बेन, जरा मेळवण आपशो?" रात्री अकरा वाजता विरजण कोणाला लागतं? त्यांच्याकडे तर म्हैस होती. पण दारात कोणी आलं की बाबा गप्प व्हायचे, आत जाऊन पडायचे, आणि ती रात्र निघायची. मासींनी कधी एक प्रश्न विचारला नाही, कधी कोणापाशी बोलल्या नाहीत, वाटी मात्र दर वेळी आणली. त्यांचे आभार मानायचे राहिले, त्या आता नाहीत. म्हणून तुमचे तरी वेळेवर मानतेय.

त्या रात्री मी आईला सांगितलं. तिला सिंधूची पदं पाठ आहेत, नाटकही कितीदा बघितलंय. तिने विचारलं, मग फौजदाराने लिहिलंच नाही? म्हटलं, नाही लिहिलं. परत विचारलं, खरंच नाही? मग तिने सिरियल बंद केली, जी ती कधीही करत नाही, आणि हात कसा मोडला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, मला सगळं माहीत होतं, तिला मला माहीत आहे हे माहीत होतं, तरी आम्ही दोघी आजवर त्यावर बोललो नव्हतो. पहाटेपर्यंत बोललो. मधे एकदा ती म्हणाली, गीतासारखं तोंडावर बोलून टाकायला हवं होतं मी, तळीरामाची बायको बघ कशी बोलते. मी म्हटलं, आता बोलतेयस ना.

आता पुढच्या महिन्यातल्या प्रयोगाचं. सिंधू मी करतेय. गडकऱ्यांचा एक शब्द बदलायचा नाही हे मान्य, ते वाक्य आहे तसंच म्हणेन आणि फौजदारानेही ते नाटकात आहे तसं लिहून घ्यायचं. पण फौजदार तुम्हीच करा. काकांशी मी बोललेय, ते आनंदाने हो म्हणाले. आणि आई यायचं म्हणतेय. तिच्यासाठी पुढची रांग नको, दाराजवळची कडेची खुर्ची ठेवा, मधेच उठावंसं वाटलं तर तिला कोणाच्या पायांवरून जायला लागू नये.

तुमची,
सिंधू वाचणारी