नाटक ॲबरिस्टविथला, शेरा लंडनला: वेल्सच्या संस्कृतिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संस्कृतिमंत्री,
वेल्स सरकार, कथेज पार्क, कार्डिफ

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे, त्याबद्दल तक्रार नसावी. प्रत्येक सरकारी कागद दोन भाषांत काढायची तुमच्या कचेऱ्यांना सवय आहेच, एखाद्या दिवशी तिसरी आली तर छत काही कोसळत नाही. मी मूळचा पुण्याचा. तिकडे प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करायचो. आता कार्डिफमध्ये राहतो, कर भरतो, सेनेदच्या, म्हणजे वेल्सच्या संसदेच्या, निवडणुकीत मत देतो. हे पत्र मराठी वाचकांसमोर लिहितोय, कारण यातला अर्धा प्रश्न आमच्याकडेही आहे.

मुद्दा सरळ सांगतो. वेल्समधल्या प्रायोगिक रंगभूमीचे कागद आणि वेल्सच्या कारभाराचे कागद ही एकाच दप्तराची दोन अंगं आहेत. पहिलं बऱ्यापैकी ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. दुसरं बरंचसं लंडनच्या कडेला, क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. ते वेल्समध्ये आणायची तरतूद कायद्यात आहे. ती वापरलेली नाही. ती वापरा, एवढंच म्हणणं.

आता कुणी विचारेल, नाटकाचा आणि सरकारी फायलींचा संबंध काय? संबंध जुना आहे, आणि सुरुवातीला तो मुळीच प्रेमाचा नव्हता. १९६८ पर्यंत ब्रिटनमध्ये नव्या नाटकाची संहिता राजदरबारातल्या लॉर्ड चेंबरलेन या अधिकाऱ्याच्या कचेरीत मंजुरीसाठी पाठवावी लागे. त्या वर्षीच्या थिएटर्स ॲक्टने ही भानगड मिटवली. पण गंमत बघा, ज्यांनी नाटकांवर लाल पेन्सिल फिरवली त्यांनीच ती सर्वांत नीट जपली. १८२४ पासून त्या कचेरीत साठलेल्या संहिता आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि नाटकाचा अभ्यास करणारे त्यांच्यावरच जगतात. आमच्याकडे १८७६ चा नाट्यप्रयोगांवर बंदी घालणारा कायदा तुमच्याच पूर्वसुरींनी लंडनहून आखलेल्या राजवटीत आला. तो आता रद्द झालाय, पण महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळ आहे आणि संहितेवर त्याचा शिक्का बसल्याशिवाय अजूनही प्रयोग लागत नाही. मंडळाशी भांडण्यात मराठी नाटकवाल्यांच्या पिढ्या गेल्या. तरी एक मान्य करायला हवं: एखाद्या नाटकाची मूळ प्रत घरात, संस्थेत, कुठेच सापडली नाही, की शेवटी आठवण मंडळाच्या कपाटाचीच होते.

वेल्समध्ये नेमकी उलटी गत झाली. सेन्सॉर गेला आणि त्याच सुमारास संहिताही गेली. मूव्हिंग बीइंग ही मंडळी १९६८ मध्ये सुरू झाली आणि १९७२ मध्ये कार्डिफला आली. १९७१ मध्ये कॅन्टन भागातल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत चॅप्टर हे कलाकेंद्र सुरू झालं. (दादरच्या छबिलदास शाळेत आमची प्रायोगिक चळवळ उभी राहिली ती त्यानंतर तीनच वर्षांनी. प्रायोगिक नाटकवाल्यांना शाळाच का मिळतात, हा वेगळ्या पत्राचा विषय.) मग कार्डिफ लॅबोरेटरी थिएटर आलं आणि १९८१ मध्ये माइक पिअर्सन आणि लिस ह्यूज जोन्स यांनी ॲबरिस्टविथमध्ये ब्रिथ गोव ही संस्था काढली. या सगळ्यांचं नाटक तालमीत, शरीरातून, जागेतून उभं राहायचं. छापील संहिता हातात घेऊन वाचावी असं त्यात फारसं काही नसायचं.

१९८८ च्या डिसेंबरमधला ‘गोदोदिन’ घ्या. अनायरिनच्या नावावर असलेलं जुनं वेल्श काव्य: मूठभर योद्धे काट्राइथच्या लढाईला जातात आणि जवळजवळ सगळे मारले जातात. ब्रिथ गोवने ते केलं कार्डिफमधल्या बंद पडलेल्या रोव्हर मोटार कारखान्यात. सोबत टेस्ट डिपार्टमेंट हा लोखंड बडवून संगीत करणारा बँड, ज्याने चारच वर्षांपूर्वी संपावरच्या खाण कामगारांच्या गायकवृंदाबरोबर ध्वनिमुद्रिका काढली होती. कारखान्यात शेकडो टन वाळू, झाडं, मोडक्या मोटारी आणि हजारो गॅलन पाणी. प्रयोग पुढे सरके तसं पाणी चढत जाई आणि नट त्यात लढत. पुढच्या वर्षी हा सगळा पसारा इटली, जर्मनी, हॉलंड आणि ग्लासगोला गेला.

याची संहिता म्हणजे काय? काव्याच्या ओळी पानभर मिळतील. पण ती वाळू कुणी आणली, पाण्याचा निचरा कुठे होणार असं अग्निशमन दलाने विचारलं तेव्हा काय उत्तर दिलं, किती प्रेक्षकांना आत सोडायची परवानगी मिळाली, वीज कुठून घेतली, विम्याचं काय, अनुदान कुणी किती आणि कोणत्या अटीवर दिलं, हे जोडत गेलं तरच ते नाटक पुन्हा डोळ्यांसमोर उभं राहतं. मी प्रकाशयोजनेतला माणूस, मला तर पहिल्यांदा वीजपुरवठ्याचा कागदच बघावासा वाटतो. अशा नाटकाच्या बाबतीत अनुदानाचा अर्ज, परवानगीचं पत्र आणि त्याच्या कडेला कुणा अधिकाऱ्याने मारलेला शेरा, यांनाच संहितेचा मान द्यावा लागतो.

आणि पुढे तर सरकार निव्वळ परवानगी देणारं राहिलंच नाही, जागेचं मालक झालं. ब्रिथ गोवचं १९९२ चं ‘हाएर्न’ झालं ट्रेडिगरला, सरकारी ब्रिटिश कोलच्या जुन्या कार्यशाळेत. १९९५ चं ‘त्री बविद’ लॅम्पिटरजवळ फॉरेस्ट्री कमिशनच्या लागवडीत, एस्गायर व्राइथ नावाच्या पडक्या शेतघराभोवती. क्लिफर्ड मॅक्लुकस हे त्यामागचे कल्पक, शिक्षणाने वास्तुविशारद. मूळ जागा ही यजमान आणि तिच्यावर उभं राहणारं नाटक हे तिथे येऊन जाणारं भूत, असं ते म्हणत. मला ही मांडणी फार आवडते. फक्त त्यात एक भर घालतो: यजमानाच्या घराचा सातबारा सरकारी कचेरीत असतो. ते शेतघर पडकं का झालं, तिथली जमीन झाडं लावायला कधी आणि कुणाकडून घेतली, हे नाटकवाल्यांच्या पेटीत मिळत नाही. ते फॉरेस्ट्री कमिशनच्या फायलींत, म्हणजे क्यूला.

सर्वांत बोलका दाखला एपिंटचा. १९४० मध्ये लष्कराने त्या डोंगरावरची ५४ घरं रिकामी केली आणि २१९ माणसं हलवली. वेल्श बोलणारा एक अख्खा मुलूख नकाशावरून उठला आणि तिथे तोफांचा सराव सुरू झाला. पुढे रस्त्यावरच्या लढाईच्या प्रशिक्षणासाठी लष्कराने तिथेच किलिएनी नावाचं एक खोटं गाव बांधलं. घरं आहेत, राहणारं कुणी नाही. २०१० मध्ये नव्या नॅशनल थिएटर वेल्ससाठी पिअर्सन यांनी प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसचं ‘द पर्शियन्स’ त्या गावात केलं. हरलेल्या शत्रूच्या घरातला आकांत सांगणारं नाटक, सैन्याने माणसं काढून टाकलेल्या जमिनीवर, सैन्याच्याच परवानगीने! या प्रयोगाचा इतिहास लिहायचा तर १९४० ची नोटीस आणि २०१० चा परवाना शेजारी शेजारी ठेवावे लागतील. आज ते शेजारी येणं हे केवळ संशोधकाच्या खिशावर आणि रेल्वेच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. ॲबरिस्टविथहून लंडनला जाणं म्हणजे काय, हे ज्याने ती गाडी पकडलीय त्याला विचारा.

संरक्षण खात्याचे कागद तुमच्या हातात नाहीत, हे मान्य. क्यूच्या लोकांवर माझा रोषही नाही, तिथली व्यवस्था चोख आहे. पण तुमच्या स्वतःच्या सरकारच्या कागदांचं काय? २००६ च्या वेल्स शासन कायद्यातली १४६ ते १४८ ही कलमं काढून वाचा. करमणूक होते. पहिल्या उपकलमात म्हटलंय की वेल्सचे सार्वजनिक अभिलेख हे १९५८ च्या ब्रिटिश अभिलेख कायद्याखालचे अभिलेख नाहीत. लगेच पुढच्या उपकलमात म्हटलंय की वेल्सच्या मंत्र्यांवर ते जपायची जबाबदारी टाकणारा आदेश निघेपर्यंत मात्र ते तसेच आहेत असं समजावं. म्हणजे तात्पुरती सोय. ही तात्पुरती सोय मुळात १९९८ च्या कायद्यातली. तेव्हा वेल्सची विधानसभा जन्मालाही यायची होती. आता तिचं नाव बदलून सेनेद झालं, कायदे करायचे अधिकार आले, कर लावायचे आले. कागद जपायचा अधिकार तेवढा ‘आदेश निघेपर्यंत’वर अडकलाय. स्कॉटलंडचे कागद एडिनबरात आहेत. उत्तर आयर्लंडने १९२३ मध्येच बेलफास्टात स्वतःचं अभिलेखागार उभं केलं. राहता राहिलं वेल्स.

कागद कुठल्या गावी ठेवले याने काय बिघडतं, असं वित्त विभाग विचारील. बिघडतं ते निवडीत. कोणत्याही सरकारातल्या बहुतेक फायली शेवटी नष्टच होतात, थोड्या ठेवल्या जातात. काय ठेवायचं हे ठरवणाऱ्याला ब्रिथ गोव हे नाव माहीत असणं आणि नसणं यात फरक पडतो. जंगलात नाटकासाठी तीन रात्री जागा हवी, असा अर्ज एरवी रद्दीतच जाणार. मुंबई इलाख्याच्या कागदांवर काम करणारे आमचे अभ्यासक हे दुःख पिढ्यान्‌पिढ्या भोगताहेत: अर्धं दप्तर मुंबईत, अर्धं लंडनच्या इंडिया ऑफिसच्या संग्रहात, आणि मधला नेमका कागद कुठेच नाही.

नाटकवाल्यांच्या बाजूचं बोलायचं तर तिथेही घाई आहे. ऐंशीच्या दशकातली अनेक पत्रं फॅक्सने आलेली, म्हणजे उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर, आणि त्यावरची अक्षरं आपोआप उडतात. पेटी उघडली की पिवळट कोरा कागद हाती येतो, वरच्या कोपऱ्यात गंजलेल्या टाचणीचा ठसा, आणि मजकूर गायब. व्हिडिओ टेप चिकट होऊन एकमेकींना धरून बसतात. त्या काळच्या छोट्या संस्थांचा लाडका संगणक म्हणजे ॲमस्ट्रॅड. त्याची तबकडी तीन इंची, बाकी जगाची साडेतीन. ती वाचणारं यंत्र शोधायचं म्हणजे जुन्या बाजारात फिरणं आलं. माणसंही जाताहेत. मॅक्लुकस २००२ मध्ये गेले, पिअर्सन २०२२ मध्ये. या दोघांच्या कामाचे कागद राष्ट्रीय ग्रंथालयाने वेळेत घेतले म्हणून वाचले, त्याबद्दल ग्रंथालयाला दंडवत.

पण त्याच ग्रंथालयाची तुम्ही काय गत केली? खाण कामगार आणि पाटीच्या दगडाच्या खाणीतले मजूर यांनी पै पै जमवून दिलेल्या पैशांचा आधार या संस्थेला होता, १९०७ ची तिची सनद. २०२१ मध्ये माणसं कमी करायची वेळ आली, लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा ग्रंथालय आणि राष्ट्रीय संग्रहालय मिळून २२.५ लाख पौंड ऐनवेळी दिले गेले. २०२४ मध्ये पुन्हा दोन्हीकडे नोकरकपात. पेट्या स्वीकारणारा हात असेल, पण पेटी उघडून यादी करणारा हात नसेल, तर ते कागद सुरक्षित आहेत एवढंच म्हणता येईल. वाचकाला ते नसल्यातच जमा.

दुसरीकडे वेल्सच्या कला परिषदेने २०२३ मध्ये अनुदानांचा फेरआढावा घेऊन नॅशनल थिएटर वेल्सचं अनुदान थांबवायचं ठरवलं. वर्षाला सुमारे १६ लाख पौंड. निर्णय बरोबर की चूक यावर मी इथे भांडत नाही (चूक होता). अनुदान थांबलं की संस्थेत काय होतं ते मी पुण्यात पाहिलंय. आधी कार्यालयातला माणूस जातो, मग भाड्याची जागा, आणि जागा सोडायच्या आदल्या रात्री जे गाडीत मावत नाही ते कचऱ्यात. कागद नेहमीच मावत नाहीत.

कला परिषद स्वायत्त आहे, मंत्री तिच्या निवडीत पडत नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि ते तसंच राहावं. पण पैशाबरोबर सरकारच्या अपेक्षा सांगणारं एक पत्र तुमच्याकडून परिषदेला जातं. त्यात एक ओळ घाला: ज्या संस्थेचं अनुदान थांबवाल, तिच्या शेवटच्या हप्त्यात कागद लावून, यादी करून सुपूर्द करण्यापुरते पैसे आणि वेळ वेगळा द्या. रक्कम किरकोळ असते. ग्रंथालयाला जाणाऱ्या पत्रात दुसरी ओळ: ही दप्तरं उघडण्यासाठी कायम नोकरीवर माणूस, दरवर्षी संपणाऱ्या प्रकल्पावर नको. २०१५ चा भावी पिढ्यांच्या कल्याणाचा कायदा तुमचाच, आणि समृद्ध संस्कृती हे त्यातलं एक उद्दिष्ट. या दोन ओळींना आणखी वेगळा आधार लागणार नाही.

राहिला तो आदेश. लंडनशी बोलणी सुरू करा आणि सुरू केल्याचं सेनेदमध्ये सांगा. तो निघेपर्यंत निदान जुन्या वेल्श ऑफिसच्या (विधानसभेआधीचं लंडन सरकारचं वेल्स खातं), क्यूला ‘बीडी’ या अक्षरांखाली ठेवलेल्या फायलींपैकी कला, जमीन आणि जंगलाशी संबंधित फायलींच्या डिजिटल प्रती ॲबरिस्टविथला आणवा. आणि २०२३ च्या त्या फेरआढाव्यात ज्यांचं अनुदान गेलं, त्या प्रत्येक संस्थेचे कागद आज नेमके कुठे आहेत, कुणाच्या ताब्यात आहेत, याची यादी जाहीर करा. यादी करायला आदेशही लागत नाही आणि लंडनही लागत नाही.

उत्तर वेल्शमध्ये आलं तरी चालेल. शिकतोय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कार्डिफमधला एक मराठी नाटकवाला